वॉर्डातले चारशे ग्रॅम

"सगळी मानवी संस्कृती शेवटी एका काट्यावर उभी आहे," असं आमचे व्याही म्हणाले. "माणसं खोटं बोलतात, कागद खोटं बोलतात, फोटो तर सर्रास खोटं बोलतात. वजनकाटा बोलत नाही. ज्या दिवशी तोही बोलायला लागेल, त्या दिवशी गाशा गुंडाळायचा."

"आजोबा, खाली उतरा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तो लहान मुलांचा आहे. चाळीस किलोच्या वर गेलं की त्याची स्प्रिंग बसते."

संस्कृती खाली उतरली. तबकडीवरचा काटा थरथरत मागे आला आणि चारशे ग्रॅमवर थांबला.

रिकामा काटा शून्यावर यायला हवा होता, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. व्याह्यांच्या आलं. बत्तीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. ते रस्त्यानं निघाले की दुकानदार उगाचच काटा पुसायला घ्यायचे. आमचा मुलगा आणि त्यांची मुलगी यांचं जमलं, तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि बसायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "हा काटा बारा ग्रॅम खातोय." नातं जुळलं, संसार झाला, नात झाली, माझी बायको अजून त्या बारा ग्रॅमचा विषय काढते.

तर ती नात. वय वर्षं सात. तिच्यासाठीच आम्ही दोघं म्हातारे मुलांच्या वॉर्डात दिवसभर मुक्कामाला होतो. मुलगा आणि सून कामावरून संध्याकाळी यायची; तोवर पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला व्याही. पोर मधे झोपलेली आणि दोन बाजूंना दोन पुतळे. बँकेच्या दाराशी असतात तसे.

तिच्या अंगावर सूज आली होती. आधी डोळ्यांवर, मग पायांवर, मग पोट असं टम्म, की तिची आई बघून कोपऱ्यात तोंड फिरवायची. मूत्रपिंडाचा विकार. मोठ्या सिस्टरांनी तो पहिल्याच दिवशी नातीला समजावून सांगितला होता, आणि खरं तर तो ऐकूनच आम्हा दोघांना पहिल्यांदा कळला. डॉक्टरांनी आम्हालाही सांगितला होता; पण डॉक्टर सांगत असताना आम्ही समजल्यासारखी मान हलवत होतो, त्यामुळे समजून घ्यायला वेळ मिळाला नव्हता.

"तुझ्या पोटात दोन चाळण्या आहेत," सिस्टर म्हणाल्या होत्या. "रक्त गाळून घाण खाली टाकायची, चांगलं ते वर ठेवायचं, हे त्यांचं काम. त्यांची भोकं जरा मोठी झालीत. चांगलंही खाली पडतंय आणि पाणी अंगात साठतंय. गोळ्यांनी भोकं लहान होतील, इंजेक्शननं पाणी उतरेल."

"भोकं किती मोठी झालीत?"

"दिसणार नाहीत इतकी."

"मग तुम्हाला कशी दिसली?"

"नाही दिसली. मोजून कळलं. तू किती पाणी पितेस, किती शू करतेस आणि सकाळी किती भरतेस."

म्हणून रोज सकाळी सहा वाजता, काही खाण्यापिण्याच्या आधी, शू करून झाल्यावर, त्याच झग्यात, चप्पल काढून, वॉर्डातली नऊच्या नऊ मुलं त्या काट्यावर चढायची. पाणी अंगातून गेलं तर वजन उतरणार, नाही गेलं तर नाही. सगळ्या वॉर्डात आमच्या नातीइतकं कुणाचं वजनावर अडलेलं नव्हतं. चार दिवस तिचा आकडा एकच होता. बावीस किलो सहाशे.

मंगळवारी डॉक्टर आले. ते वॉर्डात येत नसत, वॉर्डातून जात. चालता चालता तक्ता वाचायचे आणि शेवटच्या ओळीला पुढच्या पलंगापाशी पोचलेले असायचे. त्या दिवशी मात्र थांबले. म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघू. वजन उतरलं नाही तर सोमवारी सुई घालून मूत्रपिंडाचा एक कण काढून तपासू. पाठीतून."

ते गेल्यावर नातीनं विचारलं, "चाळणीला आधीच भोकं मोठी आहेत ना? मग सुईनं आणखी एक कशाला?"

व्याही खिडकीकडे बघत राहिले आणि त्यांची मान अशी काही खाली गेली, की मला वाटलं त्यांना झोप लागली. संध्याकाळी सून आली, ऐकलं, आणि बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मोठ्या सिस्टर तिच्या शेजारी तशाच टेकून उभ्या राहिल्या. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिच्या नडगीवर अंगठा कसा दाबायचा ते दाखवते, चल. खळगा किती वेळ राहतो ते मनात मोजायचं. रोज संध्याकाळी तूच मोजून मला सांग." सून डोळे पुसून आत आली आणि मोजायला लागली. अकरापर्यंत मोजलं तरी खळगा तसाच होता, पण रडणं थांबलं होतं.

म्हणजे सुनेला काम मिळालं. मुलाकडे औषधं आणायचं काम होतं. मी गोष्टी सांगायचो. खोट्या, पण सांगायचो. व्याह्यांना तेवढं काही नव्हतं. ते बसून असायचे. आणि समोर तो काटा.

"चारशे ग्रॅम," ते बुधवारी दुपारी म्हणाले.

"काय चारशे?"

"जास्त दाखवतो. रिकामा असतानाच चारशेवर उभा आहे. व्याहीबुवा, पोरीच्या औषधाचा निर्णय या डबड्यावर होणार? बाजारात असता तर मी सील ठोकून उचलून नेला असता."

"मग सिस्टरांना सांगा."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, 'हो, माहितीये.'" व्याह्यांनी इतक्या दुःखानं माझ्याकडे पाहिलं की जणू कुणी चोरी कबूल करून वर चहा विचारला होता. "माहितीये! आणि वापरतायत!"

दुपारी दोन ते तीन वॉर्डात मुलांची झोपायची वेळ. पडदे ओढलेले असतात, मुलं जागी असतात आणि मोठी माणसं झोपतात. व्याह्यांनी चष्म्याचं घर उघडलं. त्यात चष्मा नव्हता. चष्मा त्यांच्या नाकावर होता. घरात एक बोटाएवढा पेचकस होता.

"तुम्ही दाराशी उभे राहा," ते म्हणाले.

मी सभ्य माणूस आहे. आयुष्यात कधी कुणाच्या भानगडीत पडलो नाही. पण व्याह्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, उलट बारा ग्रॅम काढून घेतले होते. तेव्हा नातं सुधारण्याची ही संधी मला वाटली. मी दाराशी उभा राहिलो. मागून बारीक कुरकुर ऐकू आली. तबकडीच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवला की झालं, हे मला नंतर कळलं. दोन मिनिटांत ते परत आले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ होती.

"शून्य," ते म्हणाले. "तंतोतंत."

शेजारच्या पलंगावरची मुलगी डोळे उघडे ठेवून झोपली होती. तिच्या उजव्या हाताला खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर होतं आणि तीन आठवड्यांपासून ती वॉर्डात होती, त्यामुळे तिचा दर्जा जवळजवळ कर्मचाऱ्याचा होता. "काटेआजोबा, काय केलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही बाळा. धूळ पुसली."

"पेचकसानं?"

"जुनी धूळ होती."

गुरुवारी मोठ्या सिस्टरांची सुट्टी होती. सकाळची वजनं नव्या सिस्टरांनी घेतली. त्या वॉर्डात येऊन नऊच दिवस झाले होते. प्रत्येक आकडा त्या दोनदा बघायच्या, एकदा लिहायच्या आणि पुन्हा एकदा बघायच्या. नात काट्यावर चढली. नव्या सिस्टरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बावीस दोनशे! चारशेनी उतरलं!"

काय सांगू तुम्हाला. मी व्याह्यांना मिठी मारली. व्याह्यांनी मला मारली. त्यांचा चष्मा माझ्या कानात गेला. मुलाला फोन केला, सुनेला फोन केला, माझ्या बायकोला केला. ती म्हणाली, "बघा, मी म्हणतच होते," जे ती म्हणत नव्हती. डॉक्टर आले, चालता चालता तक्ता वाचला, "छान, औषध लागू पडलं," म्हणाले, सोमवारची सुई रद्द केली, पाणी उतरवायचं इंजेक्शन निम्मं केलं आणि पुढच्या पलंगापाशी पोचले. नात दिवसभर येईल त्याला सांगत होती, "माझी चाळणी दुरुस्त झाली."

आता तुम्ही म्हणाल, दोन घोड्याएवढी माणसं, त्यातला एक बत्तीस वर्षांचा निरीक्षक, आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं चारशे ग्रॅम काढलेला. याला कसं कळलं नाही? मीही पुष्कळदा स्वतःला हे विचारलं आहे. मला वाटतं, आनंदाच्या बातमीची कुणी पावती तपासत नाही. व्याह्यांच्या डोक्यात तो काटा आता बरोबर होता, आणि बरोबर काट्यावर आलेला आकडा त्यांना बरोबर वाटला. कालचा आकडा चुकीच्या काट्यावरचा होता, हे त्या गडबडीत राहून गेलं.

शुक्रवारी मोठ्या सिस्टर आल्या. वजनं त्यांनीच घेतली. नातीचं बावीस तीनशे भरलं. कालच्यापेक्षा शंभर जास्त. सिस्टरांनी तिला परत पलंगावर बसवलं, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या वाट बघत राहिल्या. मग दुसऱ्या नडगीवर. मग त्यांनी लघवीचा तक्ता काढला.

"गंमतच आहे," त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या नव्हत्या, हे मला आजही आठवतं. एखाद्या बाईला स्वतःच्याच कपाटात दुसऱ्याची साडी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बुधवारी शू किती? तीनशे ऐंशी. गुरुवारी? तीनशे साठ. प्यायली तेवढंच. सूज तेवढीच. मग परवा ते काल चारशे ग्रॅम गेलं, ते गेलं कुठल्या वाटेनं?" त्यांनी नातीकडे पाहिलं. "घाम आला होता का गं खूप?"

"नाही. थंडी वाजत होती."

"उलटी?"

"नाही. शेंबूड आला होता. पण एवढासा."

"एवढासा," सिस्टरांनी गंभीरपणे मान डोलावली, जणू तोही हिशेबात धरायचा होता. मग त्या टेबलाशी गेल्या आणि वॉर्डातले सगळे तक्ते पसरले. एकेका तक्त्यावर बोट ठेवत गेल्या. मी आणि व्याही आपापल्या बाजूंना बसलो होतो. व्याह्यांचा चेहरा हळूहळू त्या पडद्यांच्या रंगाचा होत गेला.

"कावीळवाला: चारशे कमी," सिस्टर स्वतःशीच बोलत होत्या. "न्यूमोनिया: चारशे कमी. ही चांगली जेवते, हीसुद्धा चारशे कमी. आणि प्लास्टरवाली! तीन आठवडे एकोणीस आठशे. शंभर ग्रॅम इकडे की तिकडे नाही. काल एकोणीस चारशे. काय गं, हातातलं प्लास्टर खाल्लंस का?"

"मी नाही खाल्लं," प्लास्टरवाली म्हणाली. तिनं आमच्या पलंगाकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"नऊ मुलं. नऊ आजार. आणि सगळी एकाच दिवशी, एकाच मापानं रोडावली," सिस्टर म्हणाल्या. "काल वजनं कुणी घेतली?"

नव्या सिस्टर पुढे आल्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. "मी... मी नीट बघितलं होतं. दोनदा. सगळ्यांचं दोनदा."

"मग तक्त्यात आलं कसं?"

"माहीत नाही, सिस्टर. चुकलं असेल माझं. माझंच चुकलं असेल."

व्याह्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मला ठाऊक होतं ना, आता बोललं की काय होणार! सुई परत येणार. पोर ऐकणार. मी पाय आणखी दाबला. पण निरीक्षक मंडळींचे बूट जाड असतात.

"त्यांचं नाही चुकलं," व्याही उभे राहून म्हणाले. "बुधवारी दुपारी मी काटा दुरुस्त केला. मागचा स्क्रू फिरवून शून्यावर आणला. आणि हे दाराशी पहारा देत होते."

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. पण बत्तीस वर्षं पंचनामे लिहिलेल्या माणसाला अर्धवट लिहिता येत नाही.

नात पलंगावर बसून आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होती. तिला पटकन कळत नाही असं काही नसतं. फक्त कळल्यावर ती थोडा वेळ घेते.

"म्हणजे मी बारीक झालेच नव्हते?"

मोठ्या सिस्टर तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"नाही. अजून नाही."

"आजोबांनी काट्याला केलं बारीक?"

"हो."

"मग सुई परत?"

"माहीत नाही. डॉक्टरांना विचारते. खरं काय ते सांगून विचारते, म्हणजे ते योग्य तेच सांगतील. कालपासून तुला इंजेक्शन निम्मं मिळतंय, ते आधी पुरं करू."

नात पालथी पडली आणि तोंड उशीत घातलं. व्याही उभेच. मग ते एकदम बोलायला लागले. चिडून नाही, पण मोठ्यानं. "पण काटा चुकत होता, सिस्टर! मी बरोबर केला! खरं वजन दाखवायला लागला तो! मी आयुष्यभर हेच केलं!"

"खरं वजन घेऊन मी काय करू, आजोबा?" सिस्टर म्हणाल्या. "मला भाजी विकायची नाहीये. मला एवढंच कळायला हवं, की हे पोर कालच्यापेक्षा किती वेगळं भरतं. काटा रोज चारशे जास्त दाखवत होता ना? रोज दाखवू दे. खोटं असलं तरी रोज तेवढंच. तुम्ही मधेच खरं केलंत आणि आमचा काल हरवला."

व्याही खाली बसले. मी त्यांना पुष्कळ वेळा वाद घालताना पाहिलंय, हरताना कधी नाही. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "हे आमच्या खात्यात कुणी शिकवलं नव्हतं."

"आमच्यातही नाही शिकवत," सिस्टर म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पेचकस आहे का जवळ?"

"आहे."

"मग होता तसा करून द्या."

"म्हणजे?"

"चारशे ग्रॅम चुकवून द्या. नऊ तक्ते, तीन पाळ्या, आणि डॉक्टर धावत वाचतात. कुणी मिळवेल, कुणी वजा करेल, कुणी दोनदा करेल. आत्ता होता तसा हवा. हे नऊ घरी गेले की मग लावू शून्यावर, सगळ्यांना सांगून, तारीख घालून."

मी जे पाहिलं ते फार कमी लोकांनी पाहिलं असेल. वजनमापे खात्याचा एक निवृत्त निरीक्षक, ज्यानं शेकडो दुकानदारांना पाच-पाच ग्रॅमसाठी रडवलं, तो सगळ्या वॉर्डासमोर गुडघे टेकून बसला आणि एका चांगल्या, खऱ्या, निर्दोष काट्याला स्वतःच्या हातांनी खोटं बोलायला शिकवू लागला. सिस्टर वरून आकडा सांगत होत्या. "तीनशे साठ. आणखी. तीनशे नव्वद. जरासं. बास बास, पुढे गेलात."

"मला सवय नाही," व्याही खालून म्हणाले.

"होईल."

चारशेवर आला तरी त्यांचं समाधान होईना. रिकामा बरोबर दाखवला म्हणजे भरल्यावरही दाखवेल असं नाही, ओझं ठेवून बघायला हवं, असं ते म्हणाले. खात्यात यासाठी पितळेची प्रमाणित वजनं असतात. वॉर्डात नव्हती. सिस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं.

"प्लास्टरवाली, ये इकडे. तू आमचं वजन."

प्लास्टरवाली महाराणीसारखी आली आणि काट्यावर उभी राहिली. एकोणीस आठशे. टाळ्या पडल्या. तिनं वाकून त्या स्वीकारल्या, तेव्हा काटा हलला आणि व्याही ओरडले, "हलू नको!"

सिस्टरांनी मग नातीला उशीतून उठवून आणलं. बावीस सातशे. म्हणजे मंगळवारपेक्षाही शंभर जास्त. आता सगळ्यांना कळलं की आपण नेमके कुठे आहोत. आणि जागा काही चांगली नव्हती.

डॉक्टर आले तेव्हा चालता चालता नाही वाचलं, उभं राहून वाचलं. आम्हा दोघांना जे बोलले ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. त्यातला बराचसा भाग आमच्या वयाबद्दल होता. इंजेक्शन पुरं केलं. सोमवारची सुई पुन्हा लिहिली. सिस्टर मधे पडल्या: "एक दिवस निम्म्या औषधात गेला, सर. सोमवारी सकाळचं वजन बघून मग न्यायचं की नाही ते ठरवू या का?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहायचं टाळलं आणि "ठीक आहे," म्हणाले.

संध्याकाळी सून आली. तिला सगळं कळलं. ती व्याह्यांसमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, आता काही खरं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कधी आजारी माणसाजवळ नुसते बसू शकत नाही का हो?"

"नाही," व्याही म्हणाले. "मला येत नाही ते."

मोठ्या सिस्टर मागून औषधांची ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. मग खालच्या कप्प्यातून प्लास्टिकचं मापाचं भांडं काढून त्यांनी व्याह्यांच्या हातात ठेवलं, ज्यात मुलांची लघवी मोजतात ते. "आमच्या नव्या सिस्टर हे उभ्यानं वाचतात. वरून. दहा-वीस मिली इकडे तिकडे होतं. तुम्ही बघाल?"

"उभ्यानं?" व्याही ताठ झाले. "वरून? अहो, द्रवाची पातळी डोळ्यासमोर यायला हवी! टेबल सपाट हवं!"

"तेच म्हणते मी."

त्या दिवसापासून आमच्या व्याह्यांनी नातीच्या शूवर जी नजर ठेवली, ती त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही तेलाच्या व्यापाऱ्यावर ठेवली नसेल. भांडं सपाट टेबलावर, स्वतः गुडघ्यावर, चष्मा कपाळावर, एक डोळा बंद. "एकशे पंचेचाळीस," ते जाहीर करायचे, आणि नव्या सिस्टर लिहायच्या. नात आधी दोन वेळा त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आजोबा, दोन्ही डोळ्यांनी बघा ना. नाहीतर पुन्हा चुकाल." बोलणं सुरू झालं.

शनिवारी बावीस साडेसहाशे. पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅमला कसली मिठी मारायची? आणि आता कुणाची छातीही नव्हती मिठी मारायची. सून खळगा मोजत होती: दहा.

शनिवारी दुपारपासून मात्र व्याह्यांचे आकडे बदलायला लागले. दोनशे दहा. मग दोनशे ऐंशी. मग त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं, डोळा मिटला, उघडला, दुसरा मिटला आणि मला बोलावलं. "व्याहीबुवा, तुम्ही वाचा. माझा विश्वास नाही." मी गुडघ्यावर बसलो. तीनशे चाळीस. मी वाचलं, नव्या सिस्टरांनी वाचलं, प्लास्टरवालीनं वाचलं. चार साक्षी. पंचनाम्याला दोन पुरतात.

रविवारी बावीस शंभर. व्याही काट्यामागे जाऊन स्क्रू तपासून आले. कुणी हात लावलेला नव्हता. मग त्यांनी प्लास्टरवालीला चढवलं: एकोणीस आठशे. मग न्यूमोनियाला, मग कावीळवाल्याला. सगळे जिथल्या तिथे. वॉर्डात एकच माणूस कमी झालं होतं, आणि ते आमचं होतं.

सोमवारी सकाळी एकवीस तीनशे. सुनेनं अंगठा दाबला. तीन मोजेपर्यंत खळगा भरून आला. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा मोजलं, आणि मग नडगीवरच कपाळ टेकून राहिली. डॉक्टर उभं राहून वाचत होते. त्यांनी सुईवर काट मारली. "या वेळी नक्की ना?" त्यांनी विचारलं, तेही सिस्टरांना नाही, व्याह्यांना. "नक्की," व्याही म्हणाले. "चारशे ग्रॅमनी खोटं, पण नक्की."

गुरुवारी सकाळी ती एकोणीस नऊशे भरली आणि घरी सोडलं. गोळ्या पुढे कितीतरी महिने चालायच्या होत्या, लघवी रोज सकाळी घरी तपासायची होती, आणि सूज पुन्हा येऊ शकते हे सिस्टरांनी आम्हाला बसवून, न लपवता सांगितलं होतं. पण घरी सोडलं. सुनेनं सूज असताना घेतलेले घरचे कपडे आणले होते, मुलगा सामान खाली नेत होता, नात पलंगाशी उभी होती. मोठ्या सिस्टर आणि नव्या सिस्टर निरोप द्यायला आल्या. आणि व्याह्यांनी घसा खाकरला.

मला कल्पना होती. ते दोन दिवस ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होते.

"सिस्टर," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी खरं वजन शोधत फिरलो. दुकानादुकानांतून. मला वाटायचं, जगात एक खरं माप आहे आणि ते माझ्या पेटीत आहे. तुमच्या या वॉर्डात मला पहिल्यांदा समजलं, की माणसाचं माप पेटीतल्या पितळेशी लावायचं नसतं. माणसाचं माप त्याच्या कालशी लावायचं असतं. आपण सगळे..." इथे त्यांनी हात पसरला, त्यात दोन सिस्टर, प्लास्टरवाली, कावीळवाला, मी आणि औषधांची ढकलगाडी असे सगळे आलो. नव्या सिस्टरांचे डोळे भरले. माझेही भरत आले होते, काय खोटं बोलू. "आपण सगळे या पृथ्वी नावाच्या काट्यावर..."

"आजोबा," नात म्हणाली, "माझा पायजमा खाली येतोय. नाडी घट्ट बांधा ना."